कालचा रस्सा

रविवारी दुपारी दीड वाजता घड्याळजींनी कोंबडीचा कालचा रस्सा दोनदा वाढून घेतला, उरलेलं पातेलं भाताने पुसून काढलं आणि हात धुऊन ते आडवे झाले. ऊन उतरायच्या आत त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. उलट्या थांबत नव्हत्या, आणि जिना उतरताना ते मुलाला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाका मारत होते.

उन्हाळ्याचा तो पहिला कडक आठवडा होता. स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरत होता, पण गार करत नव्हता. दुरुस्तीवाला ‘उद्या येतो’ म्हणाला होता आणि त्याचा उद्या काही उजाडत नव्हता. शनिवारी रात्री उरलेला रस्सा तरीही त्याच फ्रिजमध्ये ठेवला गेला, कारण टाकून द्यायचं की नाही हे ठरवणारं माणूस झोपलं होतं.

ते माणूस म्हणजे घड्याळजींची बायको. इस्पितळाच्या मोठ्या भटारखान्यात तिची सगळी नोकरी झाली. तिने नाक लावल्याशिवाय दुधाचा कॅन आत जात नसे, मासळीची टोपली उतरत नसे. निवृत्तीनंतर तीच शिस्त घरात आली. शिळं काही ताटात वाढण्याआधी ती झाकण काढायची, डोळे मिटून वाकायची आणि निकाल द्यायची. ‘चांगलं आहे’ किंवा ‘फेका’. त्यावर अपील नाही. घड्याळजी पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या घरात नाक एकच. बाकीच्यांना नुसत्या शिंका येतात.”

सून लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात तिने पाहुण्यांसमोर दुधाला वास येतोय असं म्हटलं होतं. सासूने भांडं हुंगलं, तेच दूध सगळ्यांच्या चहात घातलं आणि हसत हसत म्हणाली, “नाक मुरडायचं असेल तर माहेरी मुरडावं, सूनबाई. इथे माझं आहे तेवढं पुरतं.” दूध खरोखरच चांगलं होतं. पाहुणे पोटभर हसले. सून त्या दिवसापासून या घरात कशाचाही वास घेत नव्हती, निदान उघडपणे तरी.

थंडीत सासूला मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, वास परत आला नाही. तिने तो येईल म्हणून वाट पाहिली, वाफारे घेतले, एकटी असताना कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही नाही. हे एकाच माणसाला कळलं, कारण तो तिच्याबरोबर सगळा जन्म जेवला होता. घड्याळजींनी त्याचा बोभाटा केला नाही. जेवणाच्या आधी ते पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात यायचे, पळीभर चाखायचे. खाकरले की ती ‘फेका’ म्हणायची. गप्प राहिले की ‘चांगलं आहे’. आपलं नाक नवऱ्याच्या घशात जाऊन बसलंय, असं ती एकदा त्यांना म्हणाली आणि दोघं हसली. हसण्यासारखं तेवढंच होतं.

कारण महिन्यापूर्वी शेगडीवरचं दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, घरभर धूर झाला, आणि ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मुलगा कामावरून आला तो थेट आत धावला.

“आई, अगं घर पेटलं असतं! वास नाही आला तुला?”

“विसरले रे,” ती म्हणाली. नाक गेलं म्हणण्यापेक्षा डोकं गेलं म्हणणं तिला सोपं वाटलं.

“मग पुरे झालं आता. आणखी एकदा असं काही झालं ना, तर शेगडी हिच्या ताब्यात. तू आराम कर.”

“आराम काय, मेल्यावर करायचाच आहे.”

“मी थट्टा करत नाहीये, आई.”

तोही करत नव्हता आणि तीही. स्वयंपाकघर गेलं तर दिवसभर करायचं काय? बाहेरच्या खोलीत एक खुर्ची होती. बसायची एवढीच जागा होती, आणि त्या खुर्चीची तिला भीती वाटायची.

रविवारी ताटं मांडली तेव्हा घड्याळजी दारात अडकले होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीतली माणसं अजून बंद पडलेली घड्याळं त्यांच्याकडेच घेऊन येत. वरच्या मजल्यावरची बाई भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून उभी होती आणि ते केव्हा पडलं, कसं पडलं, कुणामुळे पडलं, हे सगळं सांगत होती. मुलाला भूक लागली होती. त्याने पातेलं आईसमोर ठेवलं.

“बघ गं, कालचा आहे. चालेल का?”

तिला थांबता आलं असतं. ‘ह्यांना येऊ दे’ म्हणाली असती तर कुणाला काही वाटलं नसतं. पण मुलगा तिच्याकडे रोखून बघत होता, त्या करपलेल्या दुधापासून तो असंच बघायचा. तिने झाकण काढलं, डोळे मिटले, वाकली.

“चांगला आहे,” ती म्हणाली.

सुनेपर्यंत वास पोचला. आंबूस आणि खाली काहीतरी गोडसर. तिने सासूकडे पाहिलं, मग भात वाढायला घेतला. मुलगा म्हणाला, “मला नको, एवढ्या उन्हात रस्सा कोण खातो. काकडी दे, दही दे.” त्याला वास आला की नुसता कंटाळा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

घड्याळजी येऊन बसले. त्यांनी पहिला घास घेतला आणि हात क्षणभर थांबला. खाकरायची वेळ निघून गेली होती. शब्द पडला होता, मुलासमोर पडला होता.

“आज मुरलाय,” ते म्हणाले. “काल नुसता रस्सा होता.”

“बाबा, जपून. तेल बघा केवढं आहे.”

“तू तुझी काकडी खा.”

त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सासू नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. ती बसेपर्यंत त्यांनी पातेलंच पुढ्यात ओढलं होतं.

“अहो, माझ्यासाठी ठेवाल की नाही?”

“नाही उरलं बघ. तू दही-भात खा.”

“म्हातारपणी हावरट झालात,” ती म्हणाली. तिला खरंच राग आला होता.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय खाल्लं. घड्याळजींनी डोळे न उघडता सांगितलं, “चौकातल्या गाडीवर कापलेलं कलिंगड खाल्लं. सकाळी.” पुन्हा विचारलं तरी तेच. रविवार म्हणून उशिरा उठलेला मुलगा संतापला. या वयात रस्त्यावरचं, माश्या बसलेलं, तेही सकाळी सकाळी. सासू पायाशी उभी होती. सकाळभर घड्याळजी तिच्यासमोर बसून वाटाणे सोलत होते, मधूनच तोंडात टाकत होते, आणि त्यावरून तिने त्यांना झापलंही होतं. ते घराबाहेर पडलेच नव्हते. तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. सुनेलाही ते ठाऊक होतं, वाटाण्यांची टरफलं तिने स्वतःच्या हाताने केरात टाकली होती.

सोमवारी सकाळी घरात दोघीच होत्या. सासूने ओट्यावरचं घासलेलं पातेलं उचललं, उजेडात धरलं.

“हे तू घासलंस?”

“हो.”

“वास होता?”

सून ओटा पुसत राहिली. “होता.”

“ताटं मांडली तेव्हाच?”

“झाकण काढलंत तेव्हाच.”

“आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?”

“तुम्ही चांगला आहे म्हणालात. तुमच्यानंतर या घरात कोण वास घेतं? मला तर माहेरी जाऊन घ्यायला सांगितलं होतं.”

“तेवढ्यावरून माझ्या नवऱ्याला विष खाऊ दिलंस?”

सुनेने फडकं पिळलं, वाळत टाकलं, मग वळली. “मला वाटलं, पहिल्याच घासाला थुंकतील. मग सगळ्यांना कळेल.”

“सगळ्यांना म्हणजे माझ्या मुलाला.”

“हो.”

“की म्हातारी निकामी झाली.”

“हो, आई. तेच.” ती खाली बघत नव्हती. “ते गिळतील असं मला वाटलं नव्हतं. कोण गिळतं असं?”

सासूने पातेलं जागेवर ठेवलं. “थंडीपासून नाही मला वास. त्यांना माहीत होतं.”

तेवढ्यात मुलाचा फोन आला. सुनेने तो स्पीकरवर ठेवला. बाबांच्या मूत्रपिंडांवर ताण आलाय, पहाटेपासून त्यांनी डोळे उघडलेले नाहीत, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी. शुद्धीवर आले तर द्यायला घरचा मऊ, पातळ भात करून ठेवा, मी येऊन घेऊन जातो. “आणि त्या कलिंगडवाल्याला सोडला नाही मी,” तो म्हणाला. “नगरपालिकेच्या माणसांना घेऊन गेलो चौकात. गाडी उचलून नेली त्यांनी, माल सगळा कचऱ्यात. वर तोंड करून सांगत होता, की मी असल्या म्हाताऱ्याला ओळखतच नाही. ओळखत कसा नाही, रोज तिथूनच जातात बाबा!”

दोघी फोनकडे बघत होत्या.

“ऐकताय ना?”

“हो,” सून म्हणाली.

फोन बंद झाल्यावर सासू म्हणाली, “आता सांगायला हवं.”

“सांगा.”

“तू सांग. तुला कळला होता वास.”

“मी सांगितलं तर हे विचारतील, आधी का नाही बोललीस. तुम्ही सांगा. निकाल तुमचा होता.”

सासूने तांदूळ धुतले, पाणी जास्त घातलं, शेगडी पेटवली. भात शिजून फुटेपर्यंत ती तिथून हलली नाही. मीठ सुनेने घातलं, न विचारता. सासूने अडवलं नाही. डबा भरून झाल्यावर तिने तो सुनेसमोर सरकवला.

“घे वास.”

“आत्ताच शिजवलाय, आई.”

“तरी घे.”

सून वाकली. डोळे मिटले नाहीत. “चांगला आहे,” ती म्हणाली.

सासू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग झाकण लावलं.

दुपारी मुलगा आला, पाणी प्यायला, कपडे बदलले. डबा आणू नका, अजून काही द्यायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर कळवलं आणि तो तसाच परत गेला. जिन्यात त्याने विचारलं, “काही झालंय का दोघींना?” सुनेने दार लोटून घेतलं. संध्याकाळ झाली तरी रिपोर्ट आलेला नव्हता. कलिंगडवाल्याची गाडी अजून नगरपालिकेच्या आवारातच होती. भाताचा डबा अजून टेबलावरच होता, आणि स्वयंपाकघर चांगलंच तापलेलं होतं.