आचलचा उभा फोटो

मंदाबाईंनी पाण्याचा ग्लास हातात घेतला नाही, तेव्हाच वर्षालीच्या लक्षात आलं की हे दोघं बसायला आलेले नाहीत.

सिंदीत भर दुपारी कोणी कोणाकडे जात नाही. त्यातून भैय्याजी म्हणजे जेवायलाही दुकानातच डबा मागवणारा माणूस. दसरा चार दिवसांवर, कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि हे बायकोला घेऊन वर्षालीच्या पडवीत उभे. आतल्या खोलीत तिची साडेतीन वर्षांची रोशनी नुकतीच झोपली होती. वर्षालीने दार लोटून घेतलं.

"हे पाह्य," म्हणत भैय्याजींनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

फोटो तिनेच काढलेला होता. मागच्या अंगणातली निळी भिंत, मोरपंखी साडी, हात पुढे एकावर एक, आणि ओठांच्या कोपऱ्यात आत्ता येईल असं हसू. भैय्याजींच्या आचलचा उभा फोटो, बायोडाट्यासाठी होळीनंतर काढलेला. पण खाली लिहिलेलं आचलचं नव्हतं. 'पूजा. वय २९. घटस्फोटित. मुलाची कमाई कमी असली तरी चालेल. नोंदणीसाठी फोन करा.' वर कुठल्याशा विवाह केंद्राचं नाव, जे तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

आचल चोवीसची. सेवाग्रामला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. आर्वीच्या पियुषशी तिचं जमलं होतं, त्यांची तिथे कापूस-सोयाबीनची अडत, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं.

"गिऱ्हाइकानं दाखवला मले," भैय्याजी म्हणाले. "म्हणे, भैय्याजी, हे बाई तुमच्या आचलसारखी दिसून राह्यली. मी म्हटलं, असते एकासारखं एक. अन् गल्ल्यावर बसून पाह्यतो त साडी माह्याच दुकानातली."

"भैय्याजी, मी नाही टाकला हा तिथे."

"थे मले समजते. पण त्यायले भेटला कुठून?"

कुठून ते तिला पाहताक्षणीच कळलं होतं. सहा महिन्यांपूर्वी तिने तो स्वतःच्या पेजवर लावला होता. आचलला विचारून लावला होता. "टाका ताई, पहिल्यांदाच मी मले आवडली," असं ती म्हणाली होती. घरी तिने सांगितलं नसावं.

फोटोच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकलं असतं तर, हा विचार त्याही घटकेला वर्षालीच्या मनात येऊन गेला. लग्नाच्या, बारशाच्या फोटोंवर ती टाकायचीच. मुलींच्या फोटोंवर मात्र नाही. धंदा सुरू केला त्या वर्षी एका आईने फोटो परत आणून दिला होता. आमच्या पोरीच्या पदरावर दुसऱ्याचं नाव कायले, म्हणून. तेव्हापासून तिने मुलींचे फोटो कोरेच दिले. गावातल्या आया स्टुडिओतल्या पुरुषांकडे न जाता आपल्याकडे पोरी आणतात, घरच्या अंगणात, तर एवढं त्यांचं ऐकावं, असं तिला वाटायचं.

"तुले पोरगी आहे ना एक?" मंदाबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हो, काकू."

"तिचा फोटो आहे का तुह्या त्या पेजवर?"

नव्हता. रोशनी पाच दिवसांची असल्यापासून नव्हता. वाढदिवसाला सगळं जग आपापली लेकरं लावतं, तर तिने फक्त पैंजणातली पावलं लावली होती. सासूबाईंनी एकदा नातीला स्टेटसवर ठेवलं, तर त्यांच्या हातातला फोन घेऊन काढून टाकलं होतं आणि त्यापायी घरात चार दिवस अबोला झाला होता. काय काय होतं लेकरांच्या फोटोंचं, हे ती रोज वाचत होती.

"नाई ना?" मंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग आमची काऊन टाकली?"

यानंतर भैय्याजींनी जे सांगितलं ते सगळं तिने केलं.

"आत्ताच्या आत्ता काढ. माह्यासमोर. सगळीकडून."

आधी पेजवरचा फोटो. मग लॅपटॉप. 'आचल' नावाच्या फोल्डरमध्ये त्रेचाळीस फोटो होते. बसलेले, उभे, ड्रेसमधले, साडीतले, डोळे मिटलेले, मंदाबाई मागून पदर सारखा करताना चुकून आलेल्या. भैय्याजी चष्मा नाकावर घेऊन तिच्या पाठीशी उभे होते. "हे कचऱ्याचा डब्बा दिसते, थोही रिकामा कर." तिने केला. बाहेरच्या डिस्कवरून काढले. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांना दाखवून साफ केलं. मंदाबाईंनी पिशवीतून तीन छापील फोटो काढले आणि चार-चार तुकडे करून पुन्हा पिशवीत घातले. सगळं झाल्यावर भैय्याजींचा चेहरा राख नदीत सोडून आलेल्या माणसासारखा मोकळा झाला.

"आता त्या लोकांकडून काढून घे," ते जाता जाता म्हणाले. "तुहा फोटो आहे, तू सांगशीन त ऐकतीन."

तिलाही तसंच वाटत होतं. बी.एस्सी. झालेली बाई, इंग्रजी अर्ज वाचता येतो. संध्याकाळी रोशनीला भात भरवता भरवता तिने, ही सगळी पेजं ज्या कंपनीच्या साइटवर असतात तिच्याकडे तक्रार भरली. फोटो कोणी काढला, मी. परवानगी दिली होती का, नाही. खाली एक चौकट होती, तिच्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन द्यायचा होता, आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे समोरच्यालाही कळू शकतं. तिचा हात थबकला. नवरा आदेश शेजारीच बसून डाळ-तांदळाची यादी करत होता.

"ते लोक घरी येतील का हो?"

"कोण, ते फोटोचोर? सिंदीत? त्यांना आधी गाडी इथं थांबते का ते पाह्यावं लागीन."

ती हसली नाही. पण तिने पत्ता दिला.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. फोटो तुमचा असल्याचं दाखवण्यासाठी तो आधी जिथे प्रसिद्ध केला ती लिंक द्या, किंवा मूळ फाइल जोडा.

वर्षालीने ते दोनदा वाचलं. मग फोन पालथा घालून ती अंगणात गेली आणि वाळलेले कपडे काढत राहिली. लिंक नव्हती. मूळ फाइल नव्हती. स्वतःच्या हाताने, भैय्याजी पाठीशी उभे असताना, डब्यासकट रिकामं केलं होतं. तिने काढलेला तो फोटो आता उघड दिसेल असा फक्त त्या विवाह केंद्राच्या पेजवर होता, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने त्यांनाच विचारलं असतं की मालक कोण.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कॉपी होती, पण तसली कॉपी बायोडाट्यासोबत समाजाच्या तीन ग्रुपमधल्या सात-आठशे जणांकडे गेली होती. तीही तिने जोडून पाहिली. तेच उत्तर पुन्हा आलं, अक्षराचाही फरक नाही.

कार्ड घेऊन ती वर्ध्याला गेली, रोशनीला कडेवर घेऊन, पॅसेंजरने. बसस्टँडजवळ पुसलेले फोटो परत काढून देणारा एक जण होता. त्याने विचारलं, "यानंतर यावर काय काढलं?"

"सेलूला एक बारसं."

"किती फोटो?"

"चारशे असतील."

"मग जुन्यांच्या जागी नवे बसले असतील." दोन तासांनी त्याच्या पडद्यावर एक तुकडा आला. वर बोटभर निळी भिंत, केसांचा भांग, कपाळ, अर्धी टिकली. आणि त्याखाली सगळं राखाडी. 

"हे चालेल का?" तिने विचारलं.

"यात चेहरा कुठे आहे, मॅडम?"

रोशनी काउंटरवरून वाकून बघत होती. "आई, ती मावशी कुठे गेली?"

दुसरा एक रस्ता होता. फोटोतल्या माणसाने स्वतः सांगायचं, ही मी, हे माझं ओळखपत्र. वर्षाली तो घेऊन भैय्याजींच्या दुकानात गेली. त्यांनी गिऱ्हाइकापुढचं लुगडं घडी करत करत ऐकून घेतलं.

"म्हणजे फोटो त गेलाच, आता आधार कार्डही देऊ? नाव, गाव, बापाचं नाव?"

"चोराला नाही द्यायचं, भैय्याजी. कंपनीला."

"तुह्या पेजवर टाकला थोही कंपनीलेच देल्ला होता ना?"

"पोलिसांत तरी जाऊ या. सायबरवाले असतात. मी येते सोबत."

"अन् काय सांगू? आमची पोरगी घटस्फोटित नाई म्हणून?" त्यांनी आवाज खाली आणला. "आज गावात चार लोकायले माहीत आहे. ठाण्यात गेलो का चाळीस होतीन. तू शिकेल आहे, बाई, पण तुले गाव नाई समजत."

शेवटी आचलच आली. ड्यूटीवरून सिंदीला उतरली ती घरी न जाता तडक इकडे, दवाखान्याचा पास गळ्यात तसाच. पडवीत मांडी घालून बसली आणि रोशनीचे खडू आवरायला लागली.

"ताई, पूजाचं बरं चाललं आहे," ती म्हणाली. "दोनशे कमेंट. एक जण म्हणते मी उद्या गाडी घेऊन येतो. मले अख्ख्या उन्हाळ्यात सहा स्थळं आलते. त्यातले दोन माह्याहून बुटके."

"तुला हसू कसं येतं गं?"

"रडून झालं. लॅबमध्ये. एका पेशंटचं सॅम्पल चुकता चुकता राह्यलं." तिने पर्समधून आधार कार्ड काढलं. "बाबाले सांगू नका."

दोघींनी मिळून भरलं. कार्डाचा फोटो वर्षालीने काढला, आचलने पाठवला. पाचव्या दिवशी ते पेज गेलं. जिथे आचल होती तिथे एक करडी चौकट आणि 'हा मजकूर उपलब्ध नाही'. वर्षालीने आदेशला ऑफिसात फोन करून सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या दुपारी रोशनीशेजारी आडवी झाली ती गाढ झोपली.

उठली तेव्हा आचलचा मेसेज होता. नुसती एक लिंक.

नवं पेज, नवं केंद्र. 'स्वाती. वय ३१. विधवा. एक मुलगा.' फोटो तोच, पण आरशात पाहिल्यासारखा उलटा केलेला. पदर उजव्या खांद्यावरून आला होता. आपल्याकडची कुठलीही बाई ते एका नजरेत ओळखेल, पण जिथे तक्रारी वाचल्या जातात तिथे बाई नसते, मशीन असते. मशीनने हा फोटो वेगळा आहे असं कळवलं.

मग त्यांनी मोजायचं सोडून दिलं. एक गेलं की दोन यायची. कुठे निळ्या भिंतीऐवजी देऊळ, कुठे साडी लाल केलेली. दर वेळी तेच आधार कार्ड. एकदा आचल म्हणाली, "ताई, जितक्या ठिकाणी माहा फोटो आहे ना, त्याच्याहून जास्त ठिकाणी आता माहं आधार आहे." यावर मात्र ती हसली नाही.

आर्वीचा फोन तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आला. पियुषचे काका बोलले, अगदी गोड. मुलाच्या आजीला बरं नाही, साक्षगंध जरा पुढे ढकलू. आठ दिवसांनी पुन्हा बोलले. आजी बरी होती, पण पत्रिकेत काहीतरी निघालं होतं. फोटोचा शब्द कोणी काढला नाही. मंदाबाई म्हणाल्या, भांडले असते त बरं होतं, उलटून काही सांगता तरी आलं असतं. आचलने पियुषला स्वतः फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, मला पटते गं, पण घरी कोणाकोणाला दाखवत बसू.

वर्षालीने स्वतःचं पेजच बंद केलं. त्याने काही होणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. पंधरा मुलींचे फोटो होते त्यावर. त्यातल्या कोण कोण आता कुठल्या नावाने कुठे उभ्या असतील, हे तिने पुरतं शोधून पाहिलं नाही. एकदा शोधायला बसली होती. तिसरीच मुलगी परक्या नावाने समोर आली आणि तिने लॅपटॉप मिटला. त्या मुलीचं लग्न होऊन ती नागपूरला नांदत होती. तिला कळवावं की न कळवावं, याचा विचार ती अजून करते आहे.

मार्गशीर्षात एका सकाळी मंदाबाई आचलला घेऊन आल्या.

"नवीन फोटो काढून दे," त्या म्हणाल्या. "जुना त आता कामाचा नाई राह्यला. बायोडाटा पाठोला का लोक म्हणतीन, हे त त्या मोबाइलवालीच."

"माझ्याकडून, काकू?"

"मंग कोणाकडून? तुह्याच हातचा बिघडला आहे, तूच सुधारून दे. असा काढ, का त्या फोटोतली वाटली नाई पाहिजे."

आचलचे केस खांद्यापर्यंत कापले होते. बिननंबरचा चष्मा वर्ध्याहून आणला होता, जाड काळ्या काड्यांचा. भांग मधला होता तो बाजूला गेला होता. साडी नाही, फिका पंजाबी ड्रेस. मंदाबाई भिंतीवर टाकायला घरून करडी चादर घेऊन आल्या होत्या. खिळे, हातोडीसुद्धा पिशवीत.

चादर लावून झाली. आचल तिच्यापुढे उभी राहिली, हात पुढे एकावर एक.

"हात तसे नोको," मंदाबाई म्हणाल्या.

तिने हात खाली सोडले. मग कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

वर्षालीने कॅमेरा डोळ्याला लावला. फोटो काढायला आलेल्या मुली सुरुवातीला ताठ असतात, लाकडासारख्या. त्यांना काहीतरी विचारत राहायचं, आणि ज्या क्षणी मुलगी स्वतःसारखी दिसते तो सोडायचा नाही, एवढंच तिचं कसब होतं. आज ती काहीच विचारत नव्हती. तरीही भिंगातून आचल हळूहळू सैल होत गेलेली तिला दिसली.

"सांगा ना ताई," आचल म्हणाली, "दुसरी दिसून राह्यली का मी?" आणि ओठांच्या कोपऱ्यातून ते यायला लागलं.

"हसू नको आचल," वर्षाली म्हणाली. "हसलीस की तूच दिसतेस."

आचलने ओठ मिटले. चष्म्यामागचे डोळे कॅमेऱ्याच्या थोडे वर, कशावरच न थांबता राहिले.

"हां," मागून मंदाबाई म्हणाल्या. "आता बरोबर. काढ."

वर्षालीने काढला.