पायाळूची लाथ

भारत मोगरे कोल्ड्रिंकचा टेम्पो चालवायचा, नाशिक ते हरसूल. सत्त्याण्णव सालची गोष्ट. चालवायचा म्हणजे नुसता चालवायचा नाही हो. चोवीस काचेच्या बाटल्यांचा क्रेट उतरवायचा, रिकामा चढवायचा, आणि असे दिवसाला शंभरएक. ड्रायव्हर म्हणजे बसून खाणारा, असं ज्याला वाटतं त्यानं मे महिन्यात यावं आणि दहा क्रेट उचलून दाखवावेत! त्यात भारतची खोड अशी, की लोक बघत असले की गडी एकावर एक दोन उचलणार. दोन महिने कंबर कुरकुरत होती, उजव्या पायाला मुंग्या यायच्या. पण बायकोला, साधनाला, त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. कारण शेठनं नवीकोरी गाडी घेतली होती, आणि जो खाडा करणार नाही त्यालाच ती मिळणार होती. भारतचा एक जरी खाडा झाला, तर गाडी दुसऱ्या ड्रायव्हरची, सहादूची.

बाजारच्या दिवशी, हरसूलला नवसाबाईच्या दुकानापुढं भारतनं दोन क्रेट उचलले आणि तिथंच अडकला. धड वर होता येईना, धड खाली. क्रेट लोकांनी काढून घेतले म्हणून बाटल्या वाचल्या. कोणी म्हणालं शेक द्या, कोणी म्हणालं दाराला लोंबकळू द्या. एका म्हाताऱ्यानं छातीठोक सांगितलं, उसण भरलीय, पायाळूनं लाथ घातली की उतरेल. आणि जन्मताना पाय आधी बाहेर आलेली, पंचक्रोशीत नावाजलेली पायाळू म्हणजे खुद्द नवसाबाई! साठीची बाई, लांबून लांबून लोक यायचे तिची लाथ खायला.

भारतची पंचाईत झाली. भर बाजारात बाईची लाथ! पण वाकून बसलेल्या माणसाला कसली आलीय ऐट? झाला पोत्यावर पालथा. नवसाबाईनं तीनदा कंबरेला हलकेच पाय लावला. आणि काय सांगावं, भारत उठला की! दुखणं पळालं, असं चार-चारदा सांगत तो लंगडत केबिनकडं निघाला.

बघे खूश होऊन हसले, नवसाबाई मात्र हसली नाही. भारतच्या उजव्या पायातली चप्पल पोत्यापाशीच राहिली होती, आणि गड्याला त्याचा पत्ताच नव्हता.

तिनं ती उचलली आणि थेट टेम्पोपुढं जाऊन उभी राहिली. भारतनं इंजिन चालू केलं होतं. हॉर्न दिला, बाई हलेना. मावशी, उजेड आहे तोवर घाट उतरायचाय, बाजूला व्हा, अशा त्यानं विनवण्या केल्या. तिनं चप्पल वर धरून दाखवली.

"उसण असंल तर माझी लाथ लागू पडती. ही उसण नाय," ती म्हणाली. "ब्रेक याच पायानं मारतो ना? मंग आण गाडी पुढं. मी हितनं हलत नाय."

भारतनं खाली पाहिलं. पाय अनवाणी होता. तो ब्रेकवर ठेवलाय असं त्याला वाटत होतं. होता मात्र ॲक्सिलरेटरच्या कडेला. साधना आठवली, घाटातली वळणं आठवली, आणि नव्या गाडीपायी जीव तुटला तो तुटलाच. पण त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"मावशी, फोन कुठं हाय?" तो म्हणाला. "शेठला सांगतो, गाडी न्यायला सहादूला धाडा."