मी ताठ राहिले

मित्रांनो, डोंगरवाटेवरच्या सायकलीला उजव्या मुठीपुढे ब्रेकची लिव्हर असते ना, ती मी. आता जुनी झाले, रंगही उडाला. पण ज्या गोष्टीची मला लाज वाटते, ती माझ्या उमेदीच्या दिवसांतली आहे.

कारखान्यातून मी एका सायकलच्या दुकानात आले. तिथल्या मिस्त्रींना नीटनेटकेपणाचं भारी वेड. ओळीतल्या सगळ्या सायकलींच्या लिव्हर ते जमिनीला समांतर, अगदी एका रेषेत बसवत. येणारी-जाणारी माणसं आमचा थाट बघून कौतुक करत आणि मी फुगून जाई.

दवाखान्यातल्या एका सिस्टरनी आमची सायकल घेतली. लसींचा डबा घेऊन त्या वरच्या वस्तीवर जात. त्यांचा हात लहानखुरा. माझ्यापर्यंत पोचायला त्यांना बोटं ताणावी लागत, मनगट मागे वाकवावं लागे. गियरचा खटका तर अंगठ्यापासून आणखी लांब. उतारावर अर्धा तास हीच कसरत. दोन-तीन वर्षांत त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मला ते कळत होतं. स्क्रू सैल केल्याशिवाय मला हलता येत नाही, हे खरं. पण मला हलावंसंही वाटलं नाही, हे त्याहून खरं.

सिस्टर मात्र स्वतःलाच बोल लावत राहिल्या. वय झालं, म्हणाल्या नणंदेला. सुई टोचताना हात चुकला तर एखाद्या बाळाला इजा व्हायची, ही भीतीही होती. वस्तीची फेरी सोडून टेबलाचं काम मिळावं, असा अर्ज त्यांनी दिला. तो मंजूर झाला, तशी सायकल विकायला त्या दुकानात आल्या.

मिस्त्रींनी कारण विचारलं, तेव्हा सिस्टरनी बोटांच्या मुंग्यांचं सांगितलं. मग त्यांना सायकलीवर बसवून, डोळे मिटून हात सहज मुठींवर ठेवायला सांगितलं. बोटं जिथे पडली तिथे मी नव्हतेच. मी बरीच वर होते आणि लांबही. मग पाना घेऊन मिस्त्रींनी मला खाली झुकवलं, जराशी आत सरकवलं, मुठीजवळ आणलं. खटकाही अंगठ्याखाली आला.

सिस्टर गल्लीच्या उतारावरून एक फेरी मारून आल्या. मनगट सरळ होतं. मला ओढायला त्यांना एकच बोट पुरलं.

"म्हणजे मी म्हातारी झाले नव्हते तर," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही हो, ताई. मीच तुमचा हात न बघता लिव्हर बसवली होती."

पण वस्तीची फेरी तोवर दुसऱ्या सिस्टरकडे गेली होती. सायकलही तिनेच घेतली. तिचा हात कधी दुखत नाही आणि तेच मला फार लागतं. वस्तीतल्या आया अजून तिला विचारतात, आमच्या सिस्टर परत कधी येणार?

मित्रांनो, सायकल चालवताना कुणाचा हात दुखला, तर त्या हाताला दोष द्यायची घाई करू नका. आधी पाना घ्या आणि आम्हाला सैल करा. मी वाकले असते तर माझं काहीच मोडलं नसतं.