शेंदराखालची फळी

माझी थोरली लेक पुष्पा पोटात होती, पाचवा महिना लागला होता, त्या ज्येष्ठात आमच्या घरी डोंगा आला. पुढे म्हातारपणी अक्षरं शिकले, तेव्हा तिच्या वयावरून साल काढलं. एकोणीसशे अडतीस निघालं.

आमचं गाव पूर्णेच्या उत्तर काठावर. जमीन मात्र दोन्ही काठांना. उन्हाळ्यात बैलगाडी नदीतून जायची, पण पावसाळ्यात पाणी भरलं की पल्याडच्या पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीकडे, या काठावरून नुसतं पाहत बसायचं. सरकारी नावेचा घाट तीन कोस खाली. आदल्या वर्षी पल्याड निंदायला कोणी पोचलंच नाही आणि गवत पऱ्हाटीच्या डोक्यावर गेलं. तेव्हापासून उत्तमरावांच्या मनात आपला स्वतःचा डोंगा घ्यायचं होतं.

उत्तमराव म्हणजे माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे, उद्धवचे, थोरले भाऊ. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात, सातव्या महिन्यात दुखू लागून गेली, मूलही गेलं. पुन्हा लग्न केलं नाही. बैल हेच त्यांचं घरदार. खामगावच्या बाजारात बैल घ्यायचा तर आसपासच्या गावांतले लोक त्यांना सोबत नेत. ते बैलाच्या मागे उभे राहून एकदा पाहत आणि सांगत, "हा उजव्या पायानं लंगडून राह्यला. तुमाले आज नाही दिसणार, आखाडात दिसंन." आणि आषाढात तो बैल लंगडत असे.

खालच्या घाटाचा मक्ता किसनराव नावाच्या मालदार माणसाकडे होता. त्यानं नवी नाव बांधली आणि जुना डोंगा विकायला काढला. तो पाहायला भासरे आणि उद्धव निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात येणारी वस्तू, मी हळदकुंकू लावल्याबिगर येऊ देणार नाही." म्हणून सासूबाई, मनकर्णाबाई, आणि त्यांच्या सोबतीला मी, अशा आम्ही दोघीही गाडीत बसलो.

डोंगा काठावर बाभळीखाली ओढून ठेवला होता. नुकताच डांबरानं माखलेला, काळाकुळकुळीत. आणि त्याच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, शेंदूर. मारुतीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं चढतो तसा जाड, तेलानं चकाकणारा. भोई लोक नावेला देवी मानतात, शनिवारी शेंदूर लावतात, हे मला ठाऊक होतं. पण एवढा जाड मी कधी पाहिला नव्हता.

माझं माहेरही पूर्णेच्याच काठी, वरच्या अंगाला. आमच्या शेजारी झुंबरबाई नावाची भोईण राहायची. नवरा पुरात गेल्यावर तिनं स्वतः नाव चालवली. मी लहानपणी तिच्या मागे मागे असायची. जुनी नाव कशी पाहायची ते ती मला पोळी कशी लाटायची हे सांगावं तसं सांगायची. "नवं डांबर दिसलं की पह्यले इचारायचं, काऊन लावलं बाप्पा? मंग फळी बोटाच्या पेरानं वाजवायची. जित्ती फळी ठणकते, मेली फळी भदभदते. खिळ्यापाशी चाकूचं टोक दाबायचं. लोण्यात जावं तसं गेलं का उठायचं अन् घरी जायचं. अन् सगळं बरं दिसलं तरी दिवसभर पाण्यानं भरून ठेवायची, कुठून गळते ते खालून पाहायचं. इकणारा भरू देत नसंन तं समजून घे पोरी, त्याले ठावं हाय."

भासऱ्यांनी मात्र डोंगा बैलासारखाच पाहिला. भोवती दोन फेऱ्या मारल्या. पाठीवर थाप मारली. एका बाजूनं खांदा लावून ढकलला, जोर आजमावला. मग चार गडी आत बसवले आणि त्यांना उड्या मारायला लावल्या.

"दात तेवढे पाहाचे राह्यले, दादा," उद्धव म्हणाला.

"तुहे पाहू का?" भासरे हसले. किसनरावही हसला.

मी पदराआडून शेंदराकडे पाहत होते. त्याच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर होती आणि त्या चिरेतून मुंग्या बाहेर येत होत्या. एकामागे एक. प्रत्येकीच्या तोंडात पिवळट भुशाचा कण.

भासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नसतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि माझा आवाज त्यांनी अजून ऐकला नव्हता. मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आत्याबाई, नाकाडातली फळी कुजली वाटते. तिथं चाकू लावून पाहाले सांगा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुंग्यांकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "उत्तम, सूनबाई म्हणते, नाकाडाले चाकू लावून पाहाय."

भासऱ्यांनी कमरेचा चाकू काढलासुद्धा. तेवढ्यात किसनरावानं दोन्ही हात जोडले. शेंदराला जोडले.

"लावा भाऊ, लावा. देवीच्या कपायाले चाकू लावाचा असंन तं तुमी लावा. आमी बारा वर्सं लावला नाही."

"अन् त्या मुंग्या?" सासूबाईंनी विचारलं.

"निवदाचा गूळ खातेत. मुंग्याले कोण अडोते, बाई?"

भासऱ्यांनी चाकू परत खोचला, पागोटं काढलं आणि त्या शेंदरापुढे मान वाकवली. भर बाजारात बैलाचं तोंड उघडून जिभेखाली पाहणारा माणूस तो. पण शेंदूर खरवडायचा म्हणजे काय ते आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. फळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत, डोंगा पाण्यानं भरून पाहिला नाही. शेंदरापुढे मान वाकवल्यावर बाकीचं पाहणं त्यांना अपमानाचं वाटलं असावं.

मी हात पुढे केला होता. नखानं थोडंसं उकरलं तरी कळलं असतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "पोटुशी बाईनं देवाच्या शेंदराले नख लावू नाही वं. लेकराच्या तोंडावर उतरते."

मी हात पोटावर ठेवला आणि मागे झाले. मलाही तेच भय होतं. पाण्याचं भय एकीकडे, देवीचं दुसरीकडे, आणि मधे पोटातलं लेकरू.

डोंगा आमच्या घाटाला आला. आषाढात नदी भरली आणि उद्धव रोज निंदणाऱ्या बाया घेऊन पल्याड जाऊ लागला. मी रोज घागर घेऊन घाटावर जाई आणि तो या काठाला लागेपर्यंत घागर भरत नसे. बाया मला चिडवायच्या. "काऊन वं, नवरा पयून जातो का पल्याड?" मी हसायची, पण माझे डोळे नाकाडावर असायचे. ओझं पुढे बसलं की नाकाड खाली जायचं आणि पाणी शेंदराच्या कडेला चाटायचं.

दर शनिवारी भासरे जुन्या शेंदरावर नवा शेंदूर चढवायचे. भक्तीनं, तेलात कालवून, हातानं लिंपून. चीर बुजायची. बुधवारपर्यंत ती पुन्हा दिसायची, आणि आधीपेक्षा लांब दिसायची.

श्रावणात एका दुपारी घाटावर कोणी नव्हतं. मी डोळे मिटले, देवीची माफी मागितली आणि अंगठा शेंदरावर दाबला. तो आत गेला. पिकल्या सीताफळात जावा तसा. काढला तेव्हा शेंदरात खळगा राहिला आणि त्यात हळूच पाणी जमलं. मी त्यावर बोटानं शेंदूर ओढला, खळगा पुरता बुजला नाही, आणि तशीच घरी आले.

उद्धवला सांगितलं. आधी तो हसला. "तुह्या झुंबरीनं तुले निस्तं भेव शिकोलं." मग माझं तोंड पाहून म्हणाला, "बरं. पोळ्याले बैलायले काम नसते, तसं डोंग्यालेही ठेवू. पाण्यानं भरून पाहू. दादाले मी सांगतो."

पोळ्याला तेव्हा आठ दिवस होते. मी म्हटलं, आठच दिवस.

तीन दिवसांनी सकाळी तो सासूबाईंना आणि सहा बायांना पल्याड सोडून आला. आभाळ मोकळं होतं. पण वर अकोल्याकडे पाऊस झाला असावा, कारण दुपारपर्यंत नदी गढूळ झाली आणि डोळ्यांदेखत काठ चढू लागली. काड्या, फांद्या, कोणाचं तरी कवाड वाहत येत होतं. पल्याड बाया हात हलवत होत्या. त्यांच्यात सासूबाईंचं हिरवं लुगडं मला ओळखू येत होतं.

उद्धवनं बांबू उचलला.

"नोका जाऊ," मी म्हटलं.

"माय तिकडं हाय. पाणी शेतात शिरून राह्यलं, न जाता कसा राहू मंग?"

"शेंदूर फाटला. पाहा तरी."

"उद्या पाहू." तो डोंग्याचा दोर सोडू लागला.

मग मी पोट धरून चिखलात बसले. मोठ्यानं ओरडले. दुखत काहीच नव्हतं. सातवा महिना सरत आला होता आणि सातव्यातलं दुखणं काय असतं ते त्या घरानं एकदा पाहिलं होतं. उद्धवच्या हातातला बांबू पडला. त्यानं मला उचललं आणि घराकडे पळत सुटला.

ओसरीवर भासरे बैलाच्या खुराला औषध लावत होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तू राहाय तिच्यापाशी," ते म्हणाले. "सोडू नोको तिले. मायले म्या आणतो."

हे मी ऐकलं. मी डोळे मिटून पडले होते, पण शुद्धीत होते. एक शब्द बोलले असते, डोंगा नेऊ नका एवढाच, तर ते थांबले असते. पहिल्यांदाच ऐकलेला माझा शब्द त्यांनी मोडला नसता. पण मग दुखणं खोटं ठरलं असतं आणि उद्धव उठून गेला असता. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि कण्हत राहिले. भासऱ्यांच्या वहाणा अंगणातून वाजत गेल्या, त्या मी मोजल्या. एकवीस पावलं, आणि मग काही ऐकू आलं नाही.

पुढचं सासूबाईंनी त्या काठावरून पाहिलं. डोंगा सरळ येत होता. मधल्या धारेत बाभळीचं एक खोड वाहत आलं आणि नाकाडाला लागलं. जोरात नाही. बैल शिंगानं ढोसतो तेवढंच. शेंदराचा लाल गोळा निखळून पाण्यात पडला. त्याच्यामागे फळी नव्हतीच. डोंगा नाक खाली करून गेला. भासऱ्यांना पोहता येत होतं. ते दोनदा वर आले.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि बाया सरकारी नावेनं परत आल्या. तिसऱ्या दिवशी भासरे दोन कोस खाली सापडले. घाटाच्या गाळात तो शेंदराचा गोळा सापडला, बोटभर जाड, अखंड. त्याच्या आतल्या बाजूला लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. लाकूड मात्र कणभरही नव्हतं. बाजूला माझ्या अंगठ्याचा खळगा दिसत होता. सासूबाईंनी तो नदीत सोडला.

पुष्पा आश्विनात झाली, धडधाकट. बाळंतिणीच्या खाटेशी बसून सासूबाईंनी एकदाच विचारलं. "त्या दिसी तुहं पोट खरंच दुखत होतं काय वं?"

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. उद्धवला मी कधी सांगितलं नाही. तो म्हातारा होऊन, नातवंडं पाहून गेला. आता कोणी विचारणारं उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझे भासरे उत्तमराव सन एकोणीसशे अडतीसच्या श्रावण वद्य दशमीला, पोळ्याच्या पाच दिवस आधी, दुपारी पूर्णा नदीत बुडून वारले.