डावीकडचं मागचं दार

माझा साडू दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात घालतो तसलीच हत्यारं रविवारी तो गाडीच्या एसीच्या जाळीत घालतो. हत्यारं वेगळी आहेत असं तो शपथेवर सांगतो. मी आपला दात दुसरीकडे दाखवतो.

गाडी धुणं हा छंद असतो हे मला त्याच्यामुळे कळलं. तोवर माझी समजूत अशी की नंबर वाचता येईनासा झाला की गाडी धुवायची. डॉक्टरकडे दोन बादल्या. एक शाम्पूची, दुसरी नुसती कापड खळबळायची, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे वाळूचा कण चुकूनसुद्धा वर यायला नको. चाकांचं कापड वेगळं, काचांचं वेगळं, छताचं वेगळं. एवढे टॉवेल आमच्या घरात माणसांनाही नाहीत. धुऊन झालं की गाडी पुसायची नाही, वारा सोडून वाळवायची. मग वॅक्स. मग कव्हर. आणि मग डॉक्टर बसनं दवाखान्यात जातो, कारण बाहेर धूळ असते.

त्याच्यासारख्याच दहा-बारा जणांनी मिळून एक मंडळ काढलंय. मी त्याला चकाकी मंडळ म्हणतो. वर्षातून एकदा बंद पडलेल्या गोदामामागच्या पटांगणात त्यांची स्पर्धा असते. तिथे मोठी माणसं गुडघ्यावर बसून दुसऱ्याच्या चाकाच्या आत टॉर्च मारतात आणि हळहळतात.

या मंडळाची जान म्हणजे एक मीटर. साबणाच्या वडीएवढा असतो, पुढे गोल नाक. नाक पत्र्याला टेकवलं की वर रंग किती जाड आहे ते दाखवतो. गाडीवरचा सगळा रंग मिळून वहीच्या एका पानाएवढा असतो. कंपनीतून आलेला असेल तर आकडा एकशे दहाच्या आसपास. अडीचशे-तीनशे दिसला, की समजायचं बाईसाहेब कुठेतरी आपटल्यात आणि वरून मेकअप झालाय. माझ्या गाडीला लावला तेव्हा मीटरनं आकडाच दाखवला नाही, नुसत्या दोन रेघा.

डॉक्टर म्हणाला, "भाऊ, यात पत्रा कमी आणि लांबी जास्त आहे."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा तो रंगाऱ्याचा लगदा. आता मी गाडी चालवायला शिकवतो. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या जिवापाशी. तिला खड्डे पडणार नाहीत तर काय मोत्यांची माळ पडेल?

पण हे आमच्या सासऱ्यांना कोण सांगणार? सासरे वजनमापं तपासणारे अधिकारी होते. अख्ख्या बाजाराचे तराजू त्यांच्या नुसत्या सावलीनं सरळ व्हायचे. त्यांच्याकडे एकतीस वर्षांची निळी गाडी. घरात चार माणसं जमली की पाचव्या मिनिटाला ते सुरू.

"एकतीस वर्षं! पहिला रंग! एक ओरखडा नाही, एक ठिपका नाही. आणि गाडी शिकवतात कोण? तर आमचे जावईबापू."

सगळे हसायचे. माझी बायको जरा जास्तच. बावीस वर्षं मी हे ऐकतोय. माणसाला एवढं ऐकवलं की तो एक तर साधू होतो नाहीतर खोडकर. मला दाढी शोभत नाही.

यंदा सासऱ्यांचं वय एक्याऐंशी. डोळ्यांमुळे गाडी बंद करायची ठरली. त्याआधी शेवटचं म्हणून डॉक्टरनं त्यांचं नाव स्पर्धेत घातलं, 'पहिला रंग' या गटात. नियम एकच. गाडीचा पत्रा अन् पत्रा मीटरनं मोजायचा. कुठेही परत रंगवलेली सापडली तर नाव बाद, आणि फळ्यावर सगळ्यांसमोर लाल खडूनं कारण लिहायचं. मोजणारा अर्थातच डॉक्टर. मीटर अख्ख्या मंडळात त्याचा एकट्याचा.

निघताना बायकोनं मला दारातच अडवलं.

"अहो, बाबांचा शेवटचा दिवस आहे गाडीबरोबर. खोड्या घरी ठेवून या."

"मी काय करणार बापडा?"

"बापडा म्हणालात म्हणजे खिशात काहीतरी आहे."

होतं. पारदर्शक चिकटपट्टीचे तीन थर एकावर एक चिकटवून, मीटरच्या नाकाच्या मापानं गोल कापलेली टिकली. मागच्या रविवारी डॉक्टर मीटर आमच्या घरी विसरून गेला होता, तेव्हा प्रयोग करून बघितला होता. ती नाकाला लावली की प्रत्येक गाडीचा आकडा पावणेदोनशेनं वाढतो. म्हणजे मंडळातल्या सगळ्या सोवळ्या गाड्या एका दुपारात बाटणार, सगळे एकमेकांकडे संशयानं बघणार, बेकरीवाला आणि विम्याचा एजंट तर हमखास गळ्यात गळा घालणार, पण वेगळ्या अर्थानं. नुसत्या कल्पनेनंच मला रात्री हसू आवरेना.

पटांगणात सासरे गाडीजवळ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. चेहरा असा की गाडीच त्यांना स्पर्धेत घेऊन आलीय. भोवती आठ-दहा माणसं, त्यांत माझी बायको आणि मेहुणी, म्हणजे डॉक्टरची बायको. एकतीस वर्षं, पहिला रंग, एक ठिपका नाही. मी मान डोलावत होतो. पाठ होतं.

डॉक्टर पांढरे हातमोजे घालून आला. कागदावर गाडीचं चित्र, त्यावर चौकोन. एकेका पत्र्याचा आकडा एकेका चौकोनात.

"बॉनेट, एकशे बारा. छत, एकशे आठ. वा! उजवं पुढचं, एकशे दहा. बाबा, म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे हो."

"मला की गाडीला?" सासरे म्हणाले. लोक हसले.

मी टिकली अंगठ्याच्या पोटाला चिकटवून संधीची वाट बघत होतो. सासऱ्यांची गाडी होऊ दे, मग लावू, असं ठरवलं होतं. बायकोला तेवढा शब्द दिल्यासारखंच होतं ते.

शेवटी एकच पत्रा उरला. डावीकडचं मागचं दार. डॉक्टरनं मीटर स्टुलावर ठेवला, चष्मा पुसला, परत उचलला. तेवढ्यात सासरे पुढे झाले आणि त्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"झालं की आता. सगळं सारखंच आहे."

"एकच राहिलं, बाबा."

"उन्हात किती वेळ उभं करशील म्हाताऱ्याला?"

"अहो दोन सेकंद. सरका जरा."

सासरे सरकले. पण कसे सरकले! आख्खं दुकान तराजूच्या पारड्यात चाललंय आणि आपणच मालक, असे. डॉक्टरनं नाक टेकवलं. टिंग.

डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली. मी जवळच होतो. आकडा वाचला. दोनशे ऐंशी.

टिकली माझ्या अंगठ्यावर होती. मीटरवर नव्हती.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते लांब कुठेतरी, गोदामाच्या पत्र्यांकडे बघत होते. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर उगाचच सारखी करत होते. बावीस वर्षं! बावीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघितली तो ताटात वाढून आला होता. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं उभं राहायचं आणि लाल खडूची वाट बघायची.

"काहीतरी गडबड आहे. परत घेतो," डॉक्टर म्हणाला.

आणि माझा हात पुढे गेला. का गेला ते मला विचारू नका. हाताला विचारा.

"आणा बघू इकडे," म्हणून मी मीटर घेतला, नाकावरून अंगठा फिरवला आणि ठो ठो हसायला लागलो. "सापडलो! डॉक्टर, सापडलो मी! हे बघा!"

नाकावर टिकली. उन्हात छान चमकत होती.

"ही काय भानगड?"

"चिकटपट्टी. तुम्ही चष्मा पुसत होता ना, तेव्हा लावली. कशी फजिती केली? दोनशे ऐंशी!"

मग बायकोचा आवाज आला. "अहो!" एवढंच. पण त्या दोन अक्षरांत आमचा पुढचा आख्खा महिना होता.

डॉक्टरचे कान लाल झाले. "लाज वाटते का? म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा दिवस, आणि तुम्ही… द्या तो मीटर इकडे! टिकली काढा. परत मोजतो."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खोडी करणाऱ्यानं पुढची चाल ठरवून ठेवायची असते. पण ही खोडी कुठे होती? मी टिकली सोलली, मीटर त्याच्याकडे दिला, म्हणजे द्यायला गेलो, आणि हसता हसता हात असा काही हलला की मीटर सरळ स्टुलाशेजारच्या बादलीत. शाम्पूच्या. बुडबुडे आले.

डॉक्टरनं कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर काढला. झटकला, फुंकला, कानाशी धरून हलवला. पडद्यावर एक आकडा आला, आठ हजार, आणि मग मीटरनं डोळे मिटले. तळाशी जाळी होती म्हणून वाळूचा कण मात्र एकही लागला नाही.

"तुम्ही माणूस आहात का?" डॉक्टर म्हणाला.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती."

बेकरीवाला म्हणाला, "याला फाटकाबाहेर उभा करा."

सासऱ्यांनी घसा खाकरला. सगळे वळले. म्हातारा आता काय म्हणतो म्हणून मीही कान टवकारले. वाटलं, निदान 'जाऊ द्या' तरी म्हणतील.

"बावीस वर्षं सहन करतोय मी याला," सासरे म्हणाले. "बावीस वर्षं!"

मंडळानं जागच्या जागी सभा घेतली. सगळे आकडे उत्तम, एक दार मोजायचं राहिलं ते एका नालायक माणसामुळे, गाडीवाल्याचा काय दोष? पहिला नंबर सासऱ्यांना. मला फाटकाबाहेरून टाळ्या ऐकू आल्या. मीही वाजवल्या. कोणी बघितलं नाही.

परत येताना दोघी बहिणी डॉक्टरच्या गाडीत बसल्या. माझ्याबरोबर बसायची कोणाची तयारी नव्हती. सासरेच म्हणाले, "चला, मी नेतो याला. वाटेत चार गोष्टी सुनावतो."

दोन सिग्नल गेले. मग समोर बघतच म्हणाले, "फाटक आलं मध्ये."

"फाटक आलं?"

"आलं."

"फाटकं चालत येतात का, बाबा?"

"त्या दिवशी आलं." गिअर बदलला. "नवी होती गाडी. चार महिने झाले होते. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, मला शिकवा. मी म्हटलं, तुझं काम नाही ते, ठोकशील. त्याच आठवड्यात मीच. सरकारी दौरा आहे सांगून परगावी नेली, दोन दिवसांत दार करून आणलं. नंतर कुठल्या तोंडानं सांगणार? ती गेली तरी सांगितलं नाही."

"मग शिकवलं का त्यांना?"

त्यांनी आरसा उगाच सारखा केला. तिसऱ्या सिग्नलला म्हणाले, "क्लच अर्धा दाबून ठेवायची सवय आहे तुमच्या विद्यार्थ्यांना. बघितलंय मी. सुधारा."

आभार मानायची ही एक पद्धत असेल.

पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर. त्याच्या कागदावर एक चौकोन रिकामा होता, आणि रिकामा चौकोन म्हणजे त्याच्यासाठी किडलेली दाढ. मंगळवारी कळलं, त्यानं नवा मीटर मागवलाय, रविवारी येऊन ते दार मोजणार, चौकोन भरणार, मग सुखानं झोपणार. शिवाय गाडी बाबांनी आपल्यालाच द्यावी अशी त्याची जुनी इच्छा होतीच. तिच्यासाठी वेगळं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं म्हणे.

बुधवारी सकाळी सासरे माझ्याकडे रिक्षानं आले. टेबलावर किल्ली ठेवली.

"गाडी तुम्हाला."

मी खुर्चीतून उठलो. "मला? बाबा, डॉक्टरला हवी होती ना?"

"त्याच्याकडे गेली तर तो दार मोजेल आणि विचारात पडेल. तुमच्याकडे असली तर विचारात पडण्यासारखं काय आहे?"

मला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे ते दार मी ठोकलं?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"आणि मी नाही म्हणालो तर?"

सासरे माझ्याकडे बघून हसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "म्हणा की. सगळ्यांना म्हणा. बघू किती जण विश्वास ठेवतात."

रविवारी डॉक्टर आमच्याकडे आला, मेहुणी आणि सासरेही आले. नवा मीटर, नवे हातमोजे. टिंग. दोनशे चौसष्ट. परत, जरा खाली. टिंग. तीनशे दोन.

डॉक्टर हळूच खाली बसला. "चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवसांत… ठोकून, लांबी भरून, रंगवूनसुद्धा आणली?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मेहुणीनं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या किल्लीकडे बघितलं.

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "एक ठिपका येऊ दिला नव्हता मी," आणि त्यांच्या गालावरून खरं, गरम, टपोरं पाणी घरंगळलं. बायको धावली. मेहुणी पाणी आणायला गेली. डॉक्टरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी तिथेच किल्ली हातात धरून उभा. बावीस वर्षं मी स्वतःला वस्ताद समजत होतो हो. या माणसासमोर मी अजून शिकाऊ परवान्यावर आहे.