डाव्या पायाचा बूट

टीव्ही मालिकेतल्या तारापथाच्या पहारेकऱ्याला ज्या नटाचा चेहरा होता, तो केव्हाच देवाघरी गेला. पण तो चेहरा दिसायचा तरी कितीसा? शिरस्त्राणाची काच वर गेली तर, तीही एका भागात एकदाच. बाकी सगळा वेळ त्या चिलखतात घामाने निथळत जो चालायचा, उड्या मारायचा आणि आपटायचा, तो अजून हयात होता. सेटवर त्याला सगळे 'डबा' म्हणायचे. अकरा वर्षं टीव्हीवर घरोघरी पाहिलेल्या माणसाचं हे नाव! नशीब एकेकाचं.

आता पहारेकऱ्यावर सिनेमा निघत होता. दिग्दर्शिकाबाईंनी लहानपणी एकही भाग चुकवला नव्हता. त्यांनी डब्याला फोन करून गळच घातली, की नव्या नटाला ती चाल तुम्हीच शिकवायची. ती चाल म्हणजे डावा पाय किंचित ओढत, खांदा झुकवत टाकलेलं पाऊल. एके काळी पोरं शाळेत तशी चालून मास्तरांचा मार खायची.

खरी गोष्ट फार साधी होती. कपडेपटाच्या माणसाने घाईत उजव्याच पायाचं माप घेतलं, आणि डब्याचा डावा पाय जन्मापासून एक नंबर मोठा. पहिल्याच दिवशी बूट चावला आणि तो लंगडला. नवा बूट शिवून येईपर्यंत भाग दाखवूनही झाला होता. लोकांनी ती चाल डोक्यावर घेतली आणि निर्माता म्हणाला, आता बुटाला कुणी हात लावायचा नाही. आधी बोटं वाकडी झाली, मग गुडघा गेला, मग कंबर. बायको रोज कोमट मिठाच्या पाण्यात त्याचा पाय ठेवायची आणि त्या निर्मात्याचा उद्धार करायची.

"अहो, या खेपेला गप्प बसू नका," तो निघाला तेव्हा ती म्हणाली. "त्या पोराचा पाय तरी वाचू दे."

तेवढ्यासाठीच तर तो चालला होता.

कपडेपटाच्या खोलीत टेबलावर दोन बूट मांडले होते. एक त्याचा जुना, कुणा हौशी माणसाने जपून ठेवलेला. दुसरा नवाकोरा, आणि तोही मुद्दाम एक नंबर लहान. कपडेपटाचा नवा माणूस शिवणीवरून बोट फिरवत कौतुकाने दाखवत होता. दिग्दर्शिकाबाई सांगू लागल्या, की एक ग्रह जळाला, पहारेकऱ्याला तो वाचवता आला नाही, या लंगडण्यामागे त्याचीच जखम आहे. तेवढ्यात नवा नट दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. हसरा, गुणी मुलगा, गुडघे एकदम ठणठणीत.

डब्याने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: माप, बूट, निर्माता, गुडघा. बाईंचे डोळे भरून आले.

"काका, आम्हाला लहानपणी तीच जखम दिसायची," त्या म्हणाल्या. "ती ग्रहाची असो नाहीतर बुटाची."

नट म्हणाला, तुम्ही अकरा वर्षं सोसलंत, मी चार महिने सोसेन की. तो हे अगदी मनापासून म्हणाला, तिथेच सगळं घोडं अडलं. कुणी उर्मटपणे बोललं असतं तर डबा भांडला तरी असता.

एकच उपाय उरला होता. मालिकेच्या पहिल्या तालमीला बूट आलेच नव्हते आणि तेव्हा पहारेकरी ताठ चालला होता. तेच करून दाखवतो, असं म्हणून त्याने हातातली काठी टेबलाला टेकवून ठेवली. भिंतीपासून दारापर्यंत पंधरा पावलं असतील. छाती पुढे काढून, दात आवळून तो निघाला. गुडघ्यात आग पेटली, पण गडी थांबला नाही. आपण सरळ चालतोय याची त्याला पक्की खात्री होती. सत्ताविसाव्या वर्षाचं अंग परत आल्यासारखं वाटलं आणि मोठा आनंद झाला. दाराशी पोचून तो वळला.

बाई डोळे पुसत होत्या.

"हीच," त्या म्हणाल्या. "अगदी हीच चाल."

कपडेपटाच्या माणसाने सगळं मोबाइलवर टिपलं होतं. त्याने ते डब्यापुढे धरलं. डावा पाय ओढला जात होता, खांदा झुकला होता. डब्याने मोबाइल परत दिला आणि तो काठी शोधू लागला.

नट खुर्चीवर बसून नवा बूट चढवायला लागला होता. बूट जाईना. तो जोर लावून टाच आत रेटत होता. असाच रेटला तर पहिल्याच दिवशी अंगठ्याचं नख उखडणार, हे डब्याला दिसत होतं. घरून आणलेले शब्द सगळे संपले होते. तो कण्हत खाली जमिनीवर बसला आणि त्याने नटाचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"बोटं आत दुमडून घे, बाळा," तो म्हणाला. "आणि श्वास रोखून धर."