कोणाले सांगतलं?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मी दुकानात मिळत नाही. चिखलीतल्या एका छोट्या कंपनीत, तिच्या घरच्या कामापुरता, तिथल्याच नागसेनबाबांनी मला घडवलं. ही कंपनी दवाखान्यांच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवते. ते गर्दीत टिकेल का, हे मी तपासतो. एकाच वेळी हजार खोटे पेशंट होऊन मी रांगेत उभा राहतो. त्या गर्दीत माणूस एकही नसतो, सगळा मीच.

बाबांनी माझा पडद्यावरचा चेहरा राखाडी ठेवला, बटणं बारीक. सुरू होण्याआधी एक चौकट असे: ‘कोणाले सांगतलं?’ कारण माझी गर्दी सुरू झाली की ऑफिसातल्या बाकीच्यांची कामं अडतात. चौकट कोरी असली तर मी हलत नसे. बाबा टेबलाटेबलाशी जाऊन सांगत, चहा करणाऱ्या केसरबाईंनाही, आणि मग नाव लिहीत. एकदा मी मोठा दोष वेळेत पकडला, तेव्हा पेढे वाटले गेले.

रविवारी ऑफिसात कोणी नसे. बाबा पुण्यात राहणाऱ्या मुलीला, मंजुश्रीला, फोन लावत.

“मंजू, मी टेस्ट चालू करून राह्यलो बरं.”

“बाबा, मले काऊन सांगता? मी काय तुमची साहेब आहो?”

“कोणाले तं सांगा लागते न, माय.”

मग चौकटीत ‘मंजू’.

मागच्या मार्चमध्ये बाबा गेले. माझ्याकडे कोणी फिरकेना. “याचं तोंड पाहूनच भेव वाटते,” ऑफिसातली नवी मुलगी, पायल, म्हणायची. कित्येक महिने मी नुसता पडून होतो.

मग कंपनीच्या साहेबांनी माझा चेहरा बदलायचं काम मंजुश्रीला दिलं. तिचा तो व्यवसायच. पुण्याहून येऊन ती बाबांच्या खुर्चीत बसली. पायलला मला चालवायला लावून, ती कुठे अडखळते ते वहीत टिपत राहिली. अक्षरं मोठी झाली, बटण हिरवं झालं. त्या चौकटीशी पायल दर वेळी अडायची. मंजुश्रीने चौकट काढून टाकली.

दुसऱ्याच दिवशी पायलने हिरवं बटण दाबलं. पलीकडच्या टेबलाशी ऑफिसातला प्रसेनजित एका दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरांना सॉफ्टवेअर दाखवत होता. त्याचा पडदा जागीच गोठला. डॉक्टर उठून गेले.

“सांगायचं तरी वं, पायल,” प्रसेनजित म्हणाला.

“मले इचारलंच नाही कोणी.”

मंजुश्रीने माझ्या जुन्या नोंदी उघडल्या आणि चौकटीतली नावं वाचत गेली. प्रसेनजित, केसरबाई, प्रसेनजित. दर रविवारी मंजू. मध्येच काही रविवारी मला उघडल्याची नोंद होती, पण नावाची जागा कोरी होती. त्या त्या दिवशी तिने फोन उचलला नव्हता. बाबा वाट पाहून, मला न चालवताच घरी गेले होते.

त्या कोऱ्या ओळींच्या तारखा तिने वहीत उतरवून घेतल्या.

चौकट परत आली, बाबांच्याच शब्दांत. पुढच्या रविवारी मंजुश्री एकटीच ऑफिसात आली. चौकटीत तिने ‘बाबा’ लिहिलं. मग ते पुसलं आणि पायलला फोन लावला.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं रूप खुशाल बदला. पण तिच्यातलं काही काढण्याआधी, ते कोणी कशासाठी ठेवलं होतं याची चौकशी करा. आणि कोणी उगाच काही सांगायला फोन केला, तर उचला. मी हजार माणसं होऊ शकतो. त्यांतल्या एकालाही फोन उचलता येत नाही.